तुमच्या एरियातलं गार्डन कागदावर नक्की काय आहे, आणि ते कसं ठरवून घ्यायचं

गेटवर ‘उद्यान’ लिहिलंय म्हणजे ते उद्यान आहेच असं धरून चालू नका. महापालिकेच्या लेखी तीच जागा खेळाचं मैदान असू शकते, किंवा एखाद्या जुन्या लेआउटची (प्लॉट पाडून केलेल्या वसाहतीची) ओपन स्पेस, आणि उद्या तिथे काय बांधता येईल ते शहराच्या विकास आराखड्यावरून म्हणजे डीपीवरून ठरतं, कोणती जागा कशासाठी ते त्यात लिहिलेलं असतं. लोकांना हे कळेपर्यंत बऱ्याचदा भोवती पत्रे ठोकून झालेले असतात, म्हणून आत्ताच कामाला लागा.

आधी जागेचा सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर शोधा आणि नगररचना विभागात जाऊन भाग नकाशा (डीपीचा तुमच्या जागेपुरता तुकडा) मागा, फी भरून मिळतो. मुंबईत डीपी २०३४ च्या शीटवर कोड दिसेल, आरओएस म्हणजे मोकळ्या जागेचं आरक्षण, त्यात १.४ म्हणजे मैदानासाठी राखीव आणि १.५ म्हणजे गार्डन किंवा पार्क. कोड असेल तर तो लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जात लागतो. नकाशावर आरक्षणच नसेल तर त्या भागाचा मंजूर लेआउट काढा. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून जी एकत्रित नियमावली लागू आहे तिच्यात ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर साधारण १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि ती त्या लेआउटमधल्या लोकांसाठी असते, तिच्यावर डीपीचं आरक्षण असेलच असं नाही. ऑफिसात नकाशा द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, काउंटरवर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता खरा अवघड भाग, तो ऑफिसात नाही, आपल्यातच आहे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना ट्रॅक, बाकं आणि झाडं हवी असतात, संध्याकाळी मुलांना क्रिकेट खेळायला मोकळी जमीन हवी असते, आणि मीटिंगला बहुतेक वेळा सकाळवालेच येतात. त्यामुळे ठराव गार्डनचा होतो आणि वर्षभरात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा बोर्ड लागतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, मुलांनी मग रस्त्यावर खेळायचं का? म्हणून मीटिंगच्या आधी आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ कोण किती येतं ते मोजा, शेजारच्या वस्तीतली मुलं आणि दुपारी झाडाखाली टेकणारे कामगारसुद्धा मोजा. साइजचाही विचार करा. केंद्राच्या २०१४ च्या नियोजन सूचनांमध्ये ५,००० लोकवस्तीला अर्ध्या हेक्टरचं छोटं पार्क, १५,००० ला १ हेक्टरचं आणि १ लाखाला ५ हेक्टरचं, असा हिशोब आहे. अर्ध्या हेक्टरात सगळं कोंबायला गेलात तर काहीच धड होत नाही.

एकमत झालं की ते डीपीत आणायचे रस्ते दोन. शहराचा नवीन डीपी तयार होत असेल तर प्रारूप आराखडा (कच्चा मसुदा) जाहीर होतो, पेपरात आणि राजपत्रात नोटीस येते आणि ठराविक मुदतीत हरकती-सूचना घेतात (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना म्हणजे एमआरटीपी कायदा १९६६, कलम २६), ही मुदत अजिबात चुकवू नका. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा लोकांनी चुका दाखवून इतका लावून धरला की सरकारला तो नव्याने करायला लावावा लागला. डीपी आधीच मंजूर असेल तर याच कायद्याच्या कलम ३७ चा फेरबदल, त्यात महापालिकेने ठराव करून नोटीस काढायची, एक महिना हरकती, सुनावणी, मग राज्य सरकारची मंजुरी. म्हणजे नगरसेवक किंवा आयुक्त एकट्याने प्रकार बदलू शकत नाहीत, कोणी तसं आश्वासन दिलं तर ठराव नंबर मागा.

हरकतीचा अर्ज एका पानाचा पुरे. वरती सेक्टर, सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा नंबर, मग सरळ लिहा: ‘सदर जागा सध्या खेळाचे मैदान म्हणून वापरात आहे, प्रारूपात ती उद्यान दाखवली आहे, ती मैदान म्हणूनच ठेवावी.’ खाली कारणं, मोजणीचा तक्ता, तारीख दिसेल असे फोटो आणि नकाशावर लाल पेनने खूण. आवक नंबरचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शंभर जणांनी एकाच झेरॉक्सवर सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं चांगलं, वाचणाऱ्याला दहा वेगळी कारणं मिळतात.

नवीन डीपीची सुनावणी नियोजन समितीपुढे होते, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले तज्ज्ञ असतात. बोलायला काही मिनिटंच मिळतात म्हणून भाषण नको, नकाशा पुढे सरकवा आणि मुद्दा सांगा, शक्य असेल तर एखाद्या खेळणाऱ्या मुलीला बोलू द्या. जागाच दुसऱ्या कोणाच्या घशात जातेय असं वाटलं तर हे लक्षात ठेवा, बंगळुरूत पार्कची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी लढले आणि १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वाटप चालणार नाही असं सांगितलं.

मंजुरीची अधिसूचना आली तरी थांबू नका, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. खाजगी मालकाची असेल आणि डीपी लागू झाल्यापासून १० वर्षांत महापालिकेने ती घेतली नाही तर मालक एमआरटीपीच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. म्हणून अधिसूचनेची तारीख ग्रुपवर पिन करा आणि दरवर्षी भूसंपादन कुठपर्यंत आलं ते लेखी विचारा.