टीबी इम्युनॉलॉजीत पीएचडी करायची म्हणताय? मग हे वाचून या

निकाल लागले की एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, बायोटेकच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. "मॅडम, टीबीवर काम करायचंय, काय वाचू?" एकेकीला तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदाच सलग लिहिते. माझी पीएचडी याच जंतूवर झाली आणि अजूनही पोटापाण्याला तोच आहे.

आधी क्रमिक पुस्तकातलं ते चित्र विसरा. जंतू आला, मॅक्रोफेजने (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीने) गिळला, लायसोसोमने (पेशीतल्या पचनाच्या पिशवीने) विरघळवला, विषय संपला. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसला, म्हणजे टीबीच्या जंतूला, गिळलं गेलेलं चालतं, किंबहुना तेच हवं असतं. फुप्फुसातल्या वायुकोशांमधले मॅक्रोफेज हा त्याचा पहिला मुक्काम. १९७१मध्ये लंडनला आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर जिवंत जंतू असलेले फॅगोसोम (गिळलेला जंतू ज्यात ठेवला जातो त्या पिशव्या) लायसोसोमशी जोडलेच जात नव्हते. पुढची काही दशकं हे कसं होतं, यावरच गेली. जंतूच्या भिंतीतलं लायपोअरॅबिनोमॅनन फॅगोसोमची पुढची वाटचाल अडवतं. त्याचं पीटीपी-ए हे एन्झाइम फॅगोसोम आम्लधर्मी करणाऱ्या पंपाला तिथे येऊ देत नाही. शिवाय ईएसएक्स-१ नावाची स्राव-यंत्रणा आहे, ती फॅगोसोमच्या पडद्यालाच इजा करते.

या ईएसएक्स-१वर जरा थांबा, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. बीसीजी या टीबीच्या लशीच्या जंतूत या यंत्रणेच्या जनुकांचा आरडी-१ हा तुकडाच नाही. म्हणून बीसीजी रोग करत नाही, हा एक भाग. दुसरा भाग असा की याच तुकड्यातली ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं वापरून इग्रा ही टीबी संसर्गाची रक्तचाचणी करतात, त्यामुळे लहानपणी घेतलेल्या लशीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. मांटू या त्वचेवरच्या चाचणीचं तसं नाही.

आता माझ्या मते या विषयाचा गाभा. नवीन मुलं येताना एक समज घेऊन येतात: प्रतिकारशक्ती वाढवली की टीबी हरला. टीएनएफ (प्रतिकाराच्या पेशी सोडतात तो संकेत) घ्या. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ दाबणारं औषध दिलेल्या रुग्णांत सुप्त टीबी डोकं वर काढतो, हे २००१मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे टीएनएफ हवा. पण बडोद्यात वाढलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्रा माशांच्या पारदर्शक पिल्लांमध्ये दाखवलं की टीएनएफ जास्त झाला तरी मॅक्रोफेज फुटून मरतात आणि जंतू बाहेर मोकळा वाढतो. कमी पडला तरी पंचाईत, जास्त झाला तरी पंचाईत. ग्रॅन्युलोमाचं, म्हणजे जंतूंभोवती जमलेल्या पेशींच्या गाठीचंही तेच. आपण त्याला जंतूला कोंडणारी भिंत समजत होतो. या माशांमध्ये दिसलं की नवे मॅक्रोफेज तिथे येतात, मेलेल्या सोबत्यांना खातात, स्वतः बाधित होतात आणि त्यातले काही बाहेर पडून संसर्ग पसरवतात.

याहून चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. आपल्या टी-पेशी (प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी) रोगजंतूंना त्यांच्या प्रथिनांच्या ज्या तुकड्यांवरून ओळखतात, ते तुकडे अनेक रोगजंतू बदलत राहतात. २०१०मध्ये जगभरातल्या टीबी जंतूंचे जीनोम ताडून पाहिले, तर हे तुकडे जवळजवळ तसेच्या तसे राहिलेले. असं वाटतं की या जंतूला ओळखलं जाणं सोयीचं आहे. एका अर्थी पटतंही. त्याला माणसातून माणसात जायचं तर खोकला हवा, फुप्फुसात पोकळी हवी, आणि ती पोकळी मुख्यतः आपल्याच पेशींच्या एन्झाइम्सनी पोखरलेली असते. एचआयव्हीमुळे सीडी-४ (मदतनीस टी-पेशी) खूप घटलेल्या रुग्णांत अशा पोकळ्या कमी दिसतात, तरी ते रुग्ण जास्त संख्येने दगावतात. हा परिच्छेद पटला नाही तर फारच छान, भांडायला या. त्याच भांडणातून प्रबंधाचा प्रश्न सापडतो.

प्रत्यक्ष कामाचं बोलू. एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या टीबी जंतूला एकदा दुप्पट व्हायला सुमारे एक दिवस लागतो, आणि अगार प्लेटवर मोजण्याजोग्या कॉलनी यायला तीन-चार आठवडे. म्हणून सगळे आधी स्मेग्मॅटिस या त्याच्या निरुपद्रवी भावंडावर हात बसवतात. त्याच्या कॉलनी दोन-तीन दिवसांत येतात आणि बीएसएल-३, म्हणजे कडक सुरक्षेची प्रयोगशाळा, लागत नाही. पण स्मेग्मॅटिस मॅक्रोफेजमध्ये लवकर मरतो, त्यामुळे त्यावरून टीबीबद्दल मोठे निष्कर्ष काढू नका. वाट बघायची असते तेव्हा प्लेट पॅराफिल्मने नीट बंद करा, नाहीतर कॉलनी यायच्या आत अगार सुकून पापड होतो.

टीएचपी-१ (मॅक्रोफेजसारख्या बनवता येणाऱ्या मानवी पेशी) पेशींचं कल्चर करताना आपण सवयीने माध्यमात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालतो. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध! संसर्गाच्या आधी पेशी अँटिबायोटिक नसलेल्या माध्यमात नीट धुऊन घेतल्या नाहीत, तर जंतू तुम्ही तपासत असलेल्या जनुकामुळे मेला की बाटलीतल्या औषधामुळे, हे देवालाही सांगता येणार नाही. दुसरी कटकट गुठळ्यांची. जंतूची भिंत मेणचट, त्यामुळे तो एकमेकांना चिकटून राहतो. माध्यमात ट्वीन-८० हा साबणासारखा पदार्थ घाला, काचेच्या मण्यांबरोबर हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवून वरचा भाग घ्या. तरीही एका पेशीला दहा जंतू आणि शेजारणीला शून्य असं होतंच. म्हणून संसर्गानंतर चार तासांनी किती जंतू आत गेले, हे मोजायची प्लेट कधीही टाळू नका. तो आकडा नसेल तर तिसऱ्या दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही.

उंदरांबद्दल एवढंच: नेहमीच्या सी५७ ब्लॅक-६ उंदरात माणसासारखा चीजसारखा मऊ झालेला ग्रॅन्युलोमा होत नाही. आपल्याकडे खरी ताकद रुग्णांच्या नमुन्यांची आहे आणि ती आपण पुरेशी वापरत नाही, असं माझं स्पष्ट मत. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूत १९६८पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची चाचणी झाली आणि मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून ती लस संरक्षण देत नाही असं निघालं. असं का, याचं पूर्ण उत्तर आजही नाही.

घरचे घाबरतात. माझी आत्या अजूनही "जरा लांबच बस" म्हणते. बीएसएल-३मध्ये हवा बाहेरून आत खेचली जाते, मास्क आणि दुहेरी हातमोजे असतात. मात्र रुजू होण्याआधी स्वतःची इग्रा आणि एक्स-रे करून घ्या, आणि मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर गाईडपासून लपवू नका.

पैशांचं म्हणाल तर सीएसआयआर-यूजीसी नेटसारखी जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळवून देणारी परीक्षा द्या. जानेवारी २०२३पासून जेआरएफ महिना ३७,००० आहे, वर घरभाडं. ते वेळेवर जमा होईल असं धरून खोली मात्र घेऊ नका. चेन्नईची एनआयआरटी, आग्र्याचं जालमा, बंगळूरची आयआयएससी, दिल्लीचं आयसीजीईबी या जागा बघा. गाईडला मेल करताना "टीबीत खूप रस आहे" लिहू नका, त्यांच्या एखाद्या पेपरमधल्या आकृतीवर प्रश्न विचारा. आणि मुलाखतीला गेलात की तिथल्या सीनियरला बाजूला घेऊन विचारा: बीएसएल-३ वर्षातून किती महिने बंद असतं?