व्यायामाचं टार्गेट कसं ठेवायचं आणि कुठे लिहायचं

'वजन कमी करायचंय' हे टार्गेट ठेवूच नका, काटा रोज वरखाली होतो आणि मग मूड जातो. त्यापेक्षा मिनिटं ठरवा. डब्ल्यूएचओ मोठ्यांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा स्पीड. सुरुवात 10 मिनिटांनी केली तरी चालेल हो. अ‍ॅप ठीक आहे, पण खरं सांगू, भिंतीवरचं कालनिर्णय बेस्ट, दुधाचा हिशोब लिहितो तसं त्याच चौकोनात मिनिटं लिहायची, घरात सगळ्यांना दिसतं. एक दिवस हुकला तर हुकू दे, लागोपाठ दोन नको. पुण्यात असाल तर महिन्यातून एकदा पर्वती चढा आणि किती वेळा थांबलात तेही लिहा.