सालामांकाला स्पॅनिश शिकायला गट नेताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईतून स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांचा गट दोन-तीन आठवडे स्पेनला जातो, रोज सकाळी वर्गात बसतो, दुपारी फोटो काढतो आणि परत येतो. तोवर स्पॅनिश जेमतेम सरकलेली असते; आपापसातल्या मराठी-हिंदी गप्पा मात्र जोरात झालेल्या असतात. यात मुलांचा दोष कमी, आखणी करणाऱ्यांचा जास्त. अशा सहलीत भाषेच्या आड सगळ्यात जास्त येतो तो आपलाच गट, आणि तो फोडायचा कसा हे तिकिटं काढण्याआधीच ठरवावं लागतं.

शहर

बार्सिलोना पालकांना पसंत पडतं, पण तिथं शाळेत, पाट्यांवर आणि कितीतरी घरांत कॅटलान ही तिथली स्थानिक भाषा चालते. स्पॅनिश सगळ्यांना येते, तरी नवशिक्याचा गोंधळ उडतो. सालामांका माद्रिदच्या पश्चिमेला साधारण 200 किलोमीटरवर आहे. विद्यापीठ 1218 सालचं, जुनं गाव पायी फिरता येण्याजोगं आणि परदेशी मुलांना घरी ठेवून घ्यायची तिथल्या कुटुंबांना सवय. गाव उंचावर आहे. जुलैत दुपारी भाजून निघाल तरी रात्रीसाठी स्वेटर हवा.

एका घरात दोन मराठी मुलं

'सोबत असलेली बरी' म्हणून पालक हट्ट धरतात आणि सगळं तिथंच बिघडतं. जेवणाच्या टेबलावर यजमानीण बाई काही विचारतात, एक जण दुसऱ्याकडे बघतो, मराठीत सल्लामसलत होते आणि उत्तर येतं 'सी', म्हणजे 'हो'. एका घरात एकच मूल ठेवा. वय लहान असेल आणि जोडी लागणारच असेल, तर भाषाशाळेला सांगून दुसरा इटालियन किंवा जपानी मागा, म्हणजे दोघांना स्पॅनिशशिवाय गत्यंतर राहत नाही. जोडी आधीच लागली असेल तर पहिल्या दोन दिवसांतच बदल मागा. आठवडा उलटला की घरं भरतात आणि मुलांनाही हलायचं नसतं.

वर्गाचंही तेच. एकत्र बसता यावं म्हणून पहिल्या दिवशीच्या, वर्ग ठरवणाऱ्या चाचणीत मुलं एकमेकांचं बघून लिहितात आणि ए-2 पातळीची मुलगी बी-1 या वरच्या पातळीच्या वर्गात जाऊन गप्प बसते. वर्ग बदलून मागण्यात कमीपणा नाही, शाळांना ते रोजचंच आहे.

'मराठी बोलाल तर दंड' हा नियम दोन दिवस टिकतो. त्यापेक्षा गटाने करताच येणार नाहीत अशी कामं द्या. प्लासा मायोर या मुख्य चौकाला लागूनच मेर्कादो सेंत्राल ही मंडई आहे. तिथं एकेकाला पाठवा: 200 ग्रॅम चीज आण, ते कोणत्या दुधाचं आहे ते विचारून ये. चौघं मिळून गेली की ज्याचं स्पॅनिश आधीच बरं, तोच बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक कोरीव बेडूक आहे. तो मोबाईलवर शोधायला बंदी घाला आणि कुणाला तरी विचारायला लावा, शक्यतो पाठीमागे हात बांधून फिरणाऱ्या आजोबांना. ते इंग्रजीवर घसरत नाहीत, आणि सोडतही नाहीत लवकर.

वेटर इंग्रजीत उत्तर देत असेल तर आपण स्पॅनिश सोडायची नाही, एवढंच. ऑर्डरचं एक आख्खं वाक्य घोटून ठेवा: 'मे पोनेस उन काफे कोन लेचे?' (मला एक दुधाची कॉफी देतोस का?) अडखळत सुरुवात केली की समोरचा दयेपोटी इंग्रजी काढतो.

घरच्यांचा फोन

उन्हाळ्यात स्पेन आपल्या साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे रात्री जेवणं आटोपून साडेनऊला फोन लावला की तिथं संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. गाव बाहेर पडायला लागतं, तेव्हा मूल खोलीत व्हिडिओ कॉलवर! फोन तिथल्या दुपारी साडेतीनला ठेवा. तिथं जेवण होऊन घर शांत असतं, आणि इथं संध्याकाळचे सात.

'शाकाहारी आहे' एवढंच सांगणं

यावर अख्खा गट रडकुंडीला येतो. लेंतेखास म्हणजे मसूर. ताटात आले की आमटी बघून जीव हरखतो, पण ती बहुतेकदा चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालून शिजवलेली असते, आणि तुकडे बाजूला काढून ती शाकाहारी होत नाही. फरसबीत खामोन (डुकराचं खारवलेलं मांस), मिक्स सॅलडमध्ये टूना, साल्मोरेखो या गार टोमॅटो सूपवर पुन्हा खामोनचा चुरा. बाई फसवत नसतात. खामोन आणि मासे हे 'मांस' या शब्दात येतात असं अनेकांना वाटतच नाही. म्हणून यादीच सांगा: मांस नाही, मासे नाहीत, टूना नाही, खामोन नाही, चोरिसो नाही, मांसाचं पाणीही नाही. हे शाळेमार्फत आधी लेखी कळवा आणि पहिल्या रात्री मुलाने स्वतः सांगावं. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, तारून नेते. न खाणाऱ्यांनी तेही आधीच सांगावं, नाहीतर रोज तीच समोर येईल.

दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळेसाठी खाकरा न्या, पण डबा उघडून गटात बसू नका.

घरात अनवाणी फिरणं आपल्याला स्वच्छतेचं वाटतं, तिथल्या बायकांना त्याने सर्दी होते असं वाटतं. घरातल्या चपला न्या. आणि यजमानीण बाईंना सारखं 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'आपण', करू नका. एक-दोनदा ठीक, मग त्या स्वतःच 'तू' म्हणायला सांगतात. आपणही आईला अहो-जाहो करत नाही. 'बोसोत्रोस'ची (स्पेनमधलं 'तुम्ही सगळे') रूपं निघण्याआधी पाठ करून घ्या; लॅटिन अमेरिकन स्पॅनिश शिकवणाऱ्या अ‍ॅप्समध्ये ती नसतात आणि तिथं पहिलाच प्रश्न येतो, 'दे दोंदे सोइस?' (तुम्ही कुठले?)

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा (स्पेनसह युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. व्हिसावर किती वेळा प्रवेश आहे ते मात्र नीट वाचा. एकच प्रवेश असेल तरी शनिवार-रविवारी पोर्तुगालला खुशाल जा, ते शेंगेनमध्येच आहे. दक्षिणेला तारिफाहून बोटीने तासाभरात मोरोक्कोतलं तांजेर गाठता येतं आणि मुलांना ते भारी वाटतं. पण तिथं पाय ठेवलात की तो एक प्रवेश संपला; परतीच्या बोटीसाठी नवा व्हिसा लागेल.