एलडीच्या मुलांसोबत शाळेत होणाऱ्या या चुका टाळा

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण. अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली म्हणजे रिसोर्स रूम, तिथे दर जूनमध्ये नव्या वह्या येतात आणि त्यात तेच, "चुकलेला शब्द दहा वेळा लिही." अहो, ज्याला घ आणि ध मधला फरकच धरता येत नाही तो दहाच्या दहा वेळा धरणाचं 'घरण' करणार, नाहीतर कंटाळून पान फाडणार.

चौथीतला एक मुलगा होता, पाढे तोंडपाठ, पण सदुसष्ट सांगितलं की लिहायचा ७६. वहीत लाल शेरा, 'लक्ष नसते', आणि घरी बाबांनी पाढे तीसपर्यंत वाढवले! मी समोर बसवून विचारलं, कसं लिहितोस रे? तर म्हणे, "मॅडम, सात आधी ऐकू येतात ना." खरंच की. एकोणसाठला तर ६९, कारण त्यात साठ ऐकू येतं. २०१९ला बालभारतीने दुसरीच्या गणितात सदुसष्टसाठी 'साठ सात' आणलं तेव्हा लोकांनी केवढी टिंगल केली, पण मला तेव्हा ही पोरंच आठवत होती. मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले. आधी सहा गठ्ठे, मग सुट्ट्या सात, तोंडाने "साठ सात, सदुसष्ट", आणि लिहिताना दशकाचं घर आधी भरायचं. रोज दहा मिनिटं, बास. दिवाळीपर्यंत जमलं. आठ दिवसांत होईल का विचारणाऱ्यांनी कृपया माझ्याकडे येऊ नये.

दुसरी चूक, परीक्षेत सवलती मिळण्यासाठी लागणाऱ्या एलडीच्या सर्टिफिकेटची आठवण दहावीचा फॉर्म भरताना येणं. सरकारी हॉस्पिटलच्या चकरा, आयक्यू, बाकीच्या चाचण्या, हे काही एका दुपारचं काम नाही. आणि कागद मिळाला तरी पुढे काय? लेखनिक, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा, शेजारी येऊन बसतो आणि पोरगं गप्प, कारण उत्तर बोलून सांगायची सवयच नाही. मी आठवीच्या घटक चाचणीपासूनच लेखनिक बसवते, "इथे नवीन परिच्छेद" हेसुद्धा पोरालाच सांगायला लावते. तासाला २० मिनिटं जादा म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, तेवढं बसायचाही सराव लागतो. आणि ही सवलत म्हणजे मेहेरबानी नाही हो, २०१६च्या दिव्यांग कायद्यात एलडी आहे, स्टाफरूममध्ये "याची मजा आहे बुवा" म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

बाकी पटापट. सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका. पीटीचा तास कापून जादा शिकवणी नको, कित्येकांचा दिवसातला तेवढाच एक तास बरा जातो. मेंदू तल्लख करणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका.

आणि एलडीचा शिक्का मारायच्या आधी डोळे-कान तपासून घ्या. माझ्याकडे 'वाचतच नाही' म्हणून पाठवलेल्या एका मुलीला नुसता चष्मा लागला होता, आणि तिला फळ्यावरचं काहीही दिसत नव्हतं हे दोन वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.