संगीत नाटकातलं पद कसं बसवावं

पद बसवायला घेतलंत की सुरुवातीला पेटी बंदच ठेवा. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्या. 'सौभद्र'मधलं (1882) 'प्रिये पहा' घ्या. कृष्ण रुक्मिणीला उजाडत आल्याचं दाखवतोय. ते आधी साध्या बोलण्यात म्हणवून घ्या आणि उजाडतंय ते नेमकं कुठल्या विंगेकडे, हे ठरवा. नट प्रेक्षकांकडे बघत देसकार राग आळवायला लागला की समजा, नाटक थांबलं आणि मैफल सुरू झाली.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे गद्यातून पदात शिरणं. ऑर्गनवाल्याला आधीच्या वाक्याचा शेवटचा शब्द पाठ हवा. सूर त्या शब्दाखालीच हलकेच यायला हवा. वाक्य संपलं, नटानं घसा खाकरला, मग सूर आला, की गेला प्रवेश! ते वाक्य बोलतानाच आवाज सुराजवळ आणून सोडायला नटाला शिकवा. हे जमायला वेळ लागतो. इथे घाई करू नका.

आणि रुक्मिणी? गाणाऱ्याला सगळे शिकवतात, ऐकणारीला कुणी नाही. तिला कामं द्या: अमुक ओळीला मान वळव, अंतऱ्याला ऊठ. नाहीतर ती पदराशी चाळा करत बसते.

ताना मी सरळ कापते. बालगंधर्वांच्या काळी वन्समोअर घेत प्रयोग रात्रभर रंगत. आपल्याला नाट्यगृह वेळेत रिकामं करून द्यायचं असतं. तरी वन्समोअर आलाच, तर कुठल्या ओळीपासून उचलायचं आणि उठलेल्या रुक्मिणीनं परत बसायचं कसं, तेही तालमीतच ठरवून टाका.