जपानी सहकाऱ्याची नाराजी कशी ओळखावी

बैठकीतला ‘हाय, हाय’ (जपानीत ‘हो, हो’) म्हणजे तो ऐकतोय, एवढंच. होकार समजून कामाला लागू नका. दातांतून हवा आत ओढणं, ‘चोत्तो...’ (‘जरा...’) म्हणून वाक्य अर्धवट सोडणं ही बहुधा नकाराची खूण. त्यानंतरची शांतता बोलून भरू नका, मनात १० आकडे मोजा. आपण नेमकी इथेच घाई करतो.

हसऱ्या चेहऱ्यावरही विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ वॉलेस फ्रीझन यांच्या १९७२ च्या प्रयोगात त्रासदायक चित्रफीत एकट्याने पाहताना जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांचे चेहरे सारखेच बदलले. प्रयोगकर्ता समोर असताना मात्र जपानी विद्यार्थी हसून भावना झाकत.

म्हणून ‘अडचण आहे का?’ हे चारचौघांत विचारू नका. नंतर एकट्याला गाठा, २ पर्याय ठेवा, ‘यातला कोणता सोयीचा?’ विचारा. तोंडावर नकार न देता त्याला मत सांगता येतं.