ब्रश कटर मध्येच बंद पडतोय? आधी तो कधी पडतो ते बघा

सोलापूरकडचा जोराचा पाऊस सप्टेंबरातला. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या डाळिंब बागांत त्यानंतर हरळी, गाजरगवत माजतं आणि उन्हाळाभर कोपऱ्यात पडलेला जुना टू-स्ट्रोक ब्रश कटर बाहेर निघतो. चालू होतो, थोडं गवत कापतो आणि बंद पडतो. लगेच कार्बोरेटर खोलायला बसू नका.

टाकीत गेल्या हंगामातलं पेट्रोल असेल तर आधी ते काढा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा धरतं आणि जुन्या यंत्रातले रबरी भागही खराब करतं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं. नव्या मिश्रणात ऑईल यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच घाला: पेट्रोल-ऑईलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. झाकणाच्या अंदाजाने ओतायची सवय सोडा. ऑईल कमी पडलं की पिस्टन धरतो, जास्त झालं की प्लग काळा पडतो.

दहा-पंधरा मिनिटं नीट चालून रेस हळूहळू उतरत असेल, तर पहिला संशय टाकीच्या झाकणावर घ्या. यंत्र बंद पडताच झाकण थोडं सैल करा. फुस्स आवाज आला आणि यंत्र पुन्हा चालू झालं, तर झाकणातलं हवेचं छिद्र धुळीने बुजलंय. ते साफ करा. झाकण सैल ठेवून काम उरकू नका, तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडेल. छिद्र मोकळं असेल तर टाकीतला फिल्टर आणि पेट्रोलची नळी बघा. कडक झालेल्या नळीला बारीक चीर पडते, तिथून हवा ओढली जाते आणि बाहेरून काही दिसत नाही.

बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडून गार झाल्यावरच चालू होत असेल, तर दोष बहुधा कॉईलचा, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या भागाचा. प्लग मात्र आधी बदलून बघा, तो स्वस्त असतो. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. करंट तपासायचा तो यंत्र गरम असतानाच, गार झाल्यावर कॉईल ठीकच वाटते. काढलेला प्लग इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब, आणि दोरी ओढून ठिणगी पडते का बघा.

हळू चालतं, रेस दिली की गुदमरतं? एअर फिल्टर धुवा, सायलेन्सरच्या जाळीवरचा कार्बन काढा. तरीही फरक नसेल तर कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, बदलायला आलाय.

रेस वाढावी म्हणून कार्बोरेटरचे स्क्रू आवळणं सर्वांत महागात पडतं. पेट्रोल कमी जातं, त्याबरोबर ऑईलही कमी जातं आणि इंजिन जाम होतं. गरम झाल्यावर रेस आपोआप चढत असेल, तर कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या सीलमधून हवा शिरतेय. तसंच चालवू नका. सील बदलायला इंजिन खोलावं लागतं, म्हणून जुन्या यंत्रासाठी मिस्त्रीकडून खर्चाचा आकडा आधीच विचारून घ्या.